पाणी न पिणारं फडकं

मी एक जुना पडदा आहे. होतो, असं म्हणायला हवं. आता सगळे मला फडकं म्हणतात, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, हे मी स्वतःला रोज समजावतो.

मित्रांनो, माझं लहानपण ऐटीत गेलं. जाड सुताचा, डाळिंबी रंगाचा मी दुकानात उंच फळीवर बसायचो. शिंपीकाकांनी मला शिवलं, पितळी कड्या लावल्या आणि शाळेच्या रंगमंचावर चढवलं. त्या दिवशी अख्खी शाळा मान वर करून माझ्याकडे बघत होती.

माझी दोरी ओढायच्या मावशी. एरवी त्या शाळेची झाडलोट करायच्या. सख्ख्या त्या कुणाच्याच नव्हत्या, पण हाक मारताना ते कुणाला आठवायचं नाही. मी उसवलो की मला मांडीवर घेऊन टाके घालायच्या आणि पुटपुटायच्या, "माझ्यापेक्षा वजनदार आहेस रे बाबा." नाटकाआधी घाबरून रडणाऱ्या मुलांची नाकं पुसायच्या, तीही कधीकधी माझ्याच काठाला. मी ते मोठ्या मनानं घेतलं.

नाटकात दरवर्षी कुणीतरी जुलमी राजा असायचा आणि प्रजा त्याच्याविरुद्ध उठायची. माझ्या शेवटच्या वर्षी प्रजेची पुढारी होती भोंगा. नाव मैत्रिणींनी ठेवलेलं. ती बोलली की मैदानापलीकडची कुत्री उत्तर द्यायची. राजासमोर उभी राहून ती म्हणाली, "आमचा माणूस आम्हाला परत द्या." पाहुणे उठून टाळ्या वाजवू लागले. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, डोळे टिपले आणि माइक हातात घेतला. "अन्यायापुढे गप्प न बसणारी मुलं आम्हाला घडवायची आहेत," त्या म्हणाल्या. मला धन्य वाटलं.

मग बटणावर चालणारा नवा पडदा आला. मला घडी घालून सामानाच्या खोलीत, मोडक्या बाकांवर ठेवलं. धूळ खाण्याचं काम मी मन लावून करत होतो. तेवढ्यात एका दुपारी भोंगा आणि तिच्या वर्गातली मुलं आत शिरली.

त्यांच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. मुलींच्या स्वच्छतागृहात कित्येक दिवस पाणी नव्हतं. मावशी खालून बादल्या भरून आणायच्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "नळाला पाणी येतं ना?" मावशी म्हणाल्या, "मी आणते तेव्हा येतं." झालं. महिना संपताच त्यांना सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नका.

"आपण काय नुसतं बघायचं?" भोंगा म्हणाली. नाटकातला राजवाडा रंगवून उरलेला पांढरा ऑइलपेंट तिनं उघडला आणि माझ्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मावशींना परत घ्या'. पेंट गार लागला. मला मात्र आत कुठेतरी ऊब आली.

ऑफिसच्या पायऱ्यांवर मुलं मला धरून बसली. मोठ्या बाई बाहेर आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. त्या हसल्या.

"छान. मला अभिमान वाटतो तुमचा. पण बाळांनो, प्रत्येक गोष्टीला एक जागा असते. इथे येणाऱ्याजाणाऱ्यांना अडचण होते. पाण्याच्या टाकीमागे बसा, मधल्या सुट्टीत. घोषणा हळू द्या, लहान मुलांचे वर्ग चालू असतात."

"आणि मावशी?" भोंगानं विचारलं.

"बघू या."

नागरिकशास्त्राच्या बाई तर खूशच झाल्या. म्हणाल्या, "हाच उपक्रम धरू. दहा गुण." मग काय, ज्या मुलांना मावशी कोण हेही आठवत नव्हतं, तीही टाकीमागे येऊन बसली. एक जण शेवटपर्यंत मलाच टेकून डबा खात होता.

उपक्रमाचा फोटो काढायचा ठरला, त्या दिवसाचं सांगतो. टाकीच्या पलीकडेच शाळेचं फाटक. तिथून एक आवाज आला, आणि माझ्या टाक्याटाक्यानं तो ओळखला.

"माझा डबा राहिला होता आत. पोरं कुठे दिसत नाहीत ती?"

"मागे फोटो चाललाय त्यांचा," रखवालदार म्हणाला. "मजेत आहेत."

"माझं विचारलं का कुणी?"

"लेकरंच ती, मावशी. विसरतात."

"असू दे. मजेत असू देत."

इकडे गलक्यात मुलांना यातलं काही ऐकू गेलं नाही. फोटोवाला म्हणत होता, "पडदा जरा वर घ्या. हसा." भोंगानं टाचा उंचावून मला वर धरलं. मध्ये ती टाकी नसती तर मावशींनी मला वाचलं असतं. ओरडायला मला तोंड नव्हतं. चपलांचा आवाज लांब गेला आणि फोटो झाला.

भोंगाला दहापैकी नऊ मिळाले.

"एक कशाचा गेला, बाई?"

"आवाज फार चढवतेस गं."

"पण मावशी कधी येणार?"

"अगं, उपक्रम संपला ना आता."

त्या मुलीला गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मला कापून चार फडकी केली. मी जो हा तुकडा आहे, त्यावर 'परत घ्या' एवढंच उरलंय. मावशींच्या जागी आलेली बाई मला बादलीत बुडवते आणि वैतागते, "हे मेलं पाणीच पीत नाही." खरंच आहे. पेंट आहे तिथे मी पाणी धरत नाही. रोज मोठ्या बाईंच्या दारासमोरची फरशी मी अक्षरांनीच पुसतो, पण फडक्याचं तोंड खाली असतं.

परवा भोंगा त्या दारासमोरून जात होती. मी नेमका उताणा पडलो होतो. ती थबकली.

"सरक बाळ, ओलं आहे," ती बाई म्हणाली.

भोंगा पाय उचलून, मला न तुडवता, कडेनं निघून गेली.

यंदाच्या नाटकातही जुलमी राजा आहे. पुढारी व्हायला तिलाच विचारलं. "घसा बसलाय," ती म्हणाली. आता ती रंगमंचाच्या कडेला, मावशी उभ्या राहायच्या तिथे, नव्या पडद्याचं बटण दाबते.

मित्रांनो, या जागी मी म्हणायला हवं की जुन्या वस्तू जपा. मला नका जपू, माझं आता काय राहिलंय. पण ती मुलगी तुम्हाला कुठे भेटली, तर तिला एवढंच विचारा, घसा कसा आहे. आणि मग तिचं उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.