रिझिकीची अर्धी सुई

सौमूने व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात सकाळचं औषध घेतलं, सिस्टरसमोर आपलं नाव खणखणीत सांगितलं आणि बाहेर झाडाखालच्या बाकावर येऊन गरम मांडाझी, म्हणजे तळलेले गोड वडे, खात बसली. नाव सांगायचं ते औषध गिळलं हे कळावं म्हणून. तोंडात धरून बाहेर नेऊन विकणारे महाभाग टांझानियातल्या टांगा गावात कमी नव्हते. हेरॉइन सुटून तिला सात महिने झाले होते. भूक लागत होती, झोप लागत होती. माणसाला आणखी काय हवं असतं, असं तिला हल्ली वाटे.

आज मात्र जीव टांगणीला लागला होता. तिची मैत्रीण रिझिकी इथे नाव घालायला येणार होती. त्यासाठी सौमूने चार महिने तिचं डोकं खाल्लं होतं.

रिझिकी आली ती कापतच. नाक गळत होतं, अंगावर काटा होता. आणि डॉक्टर यायला अजून तासभर.

"तासभर नाही गं निघत," असं म्हणत तिने कमरेच्या गाठीतून सुई काढली. "थोडं रक्त दे तुझं."

"रक्त?"

"रोज औषध ढोसतेस, रक्तात उतरलंच असेल की. मी नव्हतं दिलं तुला?"

दिलं होतं, आणि एकदा नव्हे. बंदरामागे सौमू नशेवाचून तडफडत पडलेली असे, तेव्हा रिझिकी स्वतः टोचून झाल्या झाल्या अर्धी सुई रक्त ओढून तिला देई. त्यांच्यात याहून मोठी माया नव्हती. अशाच मायेतून, कुणा दुसरीच्या सुईतून, सौमूच्या यकृताला दुखणं लागलं होतं. आता तेच दुखणं ती रिझिकीला कसं देणार? आणि नाही म्हटलं, तर बाई फाटकाबाहेर गेलीच म्हणायची.

"नाही देणार."

"मेली कृतघ्न! चालले मी."

सौमूने तिचं मनगट धरलं. "ऐक. तुझ्या रक्ताने मला कधी काही चढलंच नाही."

"थापा नको मारूस! कापायची थांबायचीस ना?"

"तू डोकं मांडीवर घ्यायचीस म्हणून थांबायचे. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"इतकी वर्षं? आणि मी आपली विहीर उपसावी तसं रक्त उपसतेय!"

"हो ना."

"अगं भवाने, सांगायचंस तरी!" ती खो खो हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. सुई तिने सौमूच्या हातात कोंबली, बाकावर आडवी झाली आणि तिच्या मांडीवर डोकं टेकलं.

"डॉक्टर आला की उठव," ती म्हणाली. "तोवर हललीस तर बघ."