तिघांचं पाणी

दारूबंदी सरकारची होती, सांबशिवरावांची नव्हती. पापनाशमकडच्या नारळबागांतून चोरटी दारू येई आणि राव पीत. म्हातारपणी ती सुटली, कारण बाटली कुठं ठेवली तेच आठवेना.

डॉक्टर राजगोपालांनी रावांच्या बायकोला, वेंकूबाईला समजावलं, "अम्मा, डोकं म्हणजे आपली कावेरी. फाटे फुटत फुटत पाणी शेवटच्या शेतापर्यंत जातं. यांचे काही कालवे दारूनं खचवले, काहींत वयाचा गाळ बसला. निरोप निघतो, पोचत नाही. मग मन कोरड्या जागी काहीबाही रचून भरतं."

"गाळ उपसता नाही येत?"

"नाही. पण गाण्याचा कालवा निराळा. तो उशिरा आटतो."

सासऱ्यांचं श्राद्ध जवळ आलं होतं. बाप, आजा, पणजा, तिघांची नावं यजमानानंच घ्यायची. वेंकूबाईनं ती ओवीत बांधली आणि रोज रगड्यावर उडीद वाटता वाटता नवऱ्याकडून म्हणवून घेतली:

पणजोबा शेषाद्री गं, आजोबा ते रघुपती,
बाळकृष्ण बाप माझा, तिघे पाण्याला येती.

रावांना ओवी आली. वेंकूबाईला धीर आला. हल्ली ते तिच्याकडे पाहुणीकडे पाहावं तसे पाहत. मेलेले त्यांच्या ध्यानात टिकले तर जित्ती मीही टिकेन, एवढीच तिची आशा.

श्राद्धाला राममूर्तिशास्त्री म्हणाले, "राव, घ्या नावं."

राव बोटातली दर्भाची अंगठी फिरवत राहिले. दारातून सोवळ्यातल्या वेंकूबाईनं हळूच सूर लावला. रावांचे ओठ हलले. पणजोबा आले, आजोबा आले. "बाळकृष्ण बाप माझा..." राव थांबले. ओंजळीत तीळ, पाणी. "आणि माझी वेंकू," म्हणाले आणि पाणी सोडलं.

"शिव शिव! अहो, त्या काय दारात उभ्या!"

"थट्टा नको, शास्त्री. तापानं गेली ती. पाणी मागत होती. मी पिऊन पडलो होतो." राव हुंदके देऊ लागले. साऱ्या संसारात तिच्यासाठी ते कधी रडले नव्हते.

"सांगा ना त्यांना, वहिनी!"

वेंकूबाई पुढं आली, त्यांचा ओला हात धरला. "अहो, मी आहे. बघा तरी."

रावांनी बघितलं. मग अदबीनं हात सोडवून घेतला. "बाई, परपुरुषाला शिवू नये. कोण तुम्ही?"

तिनं पदर सावरला.

"स्वयंपाकाला आलेय," ती म्हणाली. "ब्राह्मणांची पानं वाढते."