क्लीवनचे वल्हे

"ब्रदर होरेस, आज तरी ऐका! फोटो आधी, प्रार्थना नंतर!"

व्हर्नेल काठावरून ओरडली, तसे धुक्यात बाकीच्या मंडळींचे हसणे ऐकू आले. होरेस टिबेटने आपली कयाक, एकट्यापुरती अरुंद होडी, पाण्यात लोटली, गुडघे सांभाळत तिच्या बुटक्या खुर्चीत बूड टेकले आणि मागे न बघताच म्हणाला, "तू तुझं बघ, पोरी. टपाल वाटून वाटून तुला सगळ्याचीच घाई लागलीय."

"पोरी काय म्हणताय, मला नातू झालाय!"

"बरं. मग आज्जे, तू तुझं बघ!"

अलाबामातले ते तळे तसे लहानच. एका अंगाला पाइनची झाडे, दुसऱ्या अंगाला कमळाच्या पानांची दाट साय. चर्चमधल्या आठ-दहा जणांचा बास मासे पकडण्याचा मेळ शरद ऋतूतल्या शेवटच्या शनिवारी इथेच जमायचा. जन्मभर शाळेच्या बसगाड्यांचे ब्रेक दुरुस्त करून निवृत्त झालेला होरेस एकही मेळ चुकवत नसे. फक्त घरी जाताना त्याचे हात रिकामे असत. मासा मोजपट्टीच्या फळीवर आडवा ठेवायचा, फोटो काढायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा, असा मेळाचा नियम होता. संध्याकाळी फोटो बघून लांबीची बेरीज करायची. ज्याची जास्त, तो जिंकला.

"चाळीस वर्षं मासेमाऱ्याशी संसार केला," त्याची बायको अर्नेटा सगळ्यांदेखत म्हणायची, "आणि कढई कोरडी. फोटो तळून वाढू का तुला?"

जिंकणाऱ्याला मिळायचे एक लाकडी वल्हे, तेही वर्षभरापुरते. ते क्लीवन ओडमचे होते. त्याने ते स्वतःच्या हाताने तासले होते. हा मेळ त्यानेच जमवला आणि होरेसला कयाकवर बसायलाही त्यानेच शिकवले. दोन वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा त्याच्या बायकोने ते वल्हे मेळाला दिले. होरेसला आयुष्यात फार कशाचा मोह पडला नव्हता. पण हे वल्हे एक वर्ष आपल्या घरात असावे, येता-जाता दिसावे, असे त्याला फार वाटे. बुधवारीच त्याने पुढच्या खोलीत खिडकीशेजारी खिळा ठोकून ठेवला होता.

"आधीच?" अर्नेटा म्हणाली होती. "नाही आलं, तर कॅलेंडर लावीन हो मी तिथे."

दुपारपर्यंत देवाने हात सैल सोडला. चार मासे झाले, सगळे मनाजोगते. ऊन वर आले तसा होरेस गेल्या रविवारचे प्रवचन गुणगुणू लागला. त्यांचे पास्टर बोलायला लागायचे ते शेजाऱ्याला खबर सांगावी तसे. मग आवाज एकेक पायरी चढायचा, मागून ऑर्गन वाजू लागायचा आणि बोलण्याचे गाणे कधी झाले हे कुणालाच कळायचे नाही. "देणारा जागा आहे!" पास्टर गायचे, आणि पहिल्या बाकावरून क्लीवन हाक द्यायचा, "सावकाश न्या, पास्टर! सगळ्यांना चढू द्या!" त्या हाकेने होरेसचे डोळे भरून यायचे. अजूनही यायचे. हाक आता नव्हती, पण पास्टर त्या जागी क्षणभर थांबत.

"देणारा जागा आहे," असे म्हणत त्याने गळाला लावलेला रबरी बेडूक कमळपानांवर टाकला आणि टुणटुण ओढला. पाने फाटली. पाणी उसळले. कयाक त्या ओढीने अर्धी फिरली.

पलीकडच्या लव्हाळ्यात व्हर्नेल आपल्या कयाकमध्ये ताठ बसली. "अगं बाई! ब्रदर, दोरी ढिली सोडू नका!"

मासा जाळीत आला. हिरवा, मोठ्या जबड्याचा, दंडाएवढा जाड. फळीवर शेपूट पट्टीच्या टोकाशी भिडली. त्याने ओला तळवा माशावर ठेवला. मासा शांत झाला. वल्हे घरी आल्यातच जमा होते.

फोन गळ्यातच लटकत होता. पण होरेसचा दुसरा हात टोपीकडे गेला.

क्लीवनने त्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते, "फोटो काढला की माणूस म्हणतो, माझा मासा. त्याच्याआधी तो देणाऱ्याचाच असतो. तेवढ्यात आभार मानून घ्यावेत."

होरेसने टोपी काढली, डोळे मिटले. "प्रभो, तुझ्या—"

फळी वाजली. चेहऱ्यावर पाणी उडाले. डोळे उघडले तेव्हा पाण्यावर एक वर्तुळ पसरत चालले होते.

मग व्हर्नेल वल्हवत जवळ आली. "मी पाहिला, ब्रदर. मी सांगते सगळ्यांना."

"फोटो नाही, तर मासा नाही. नियम आहे."

"पण एवढा मोठा मासा..."

"ज्याचे आभार मानत होतो, त्याने पाहिलाय," होरेस म्हणाला आणि टोपी पिळू लागला. मग त्याला एकदम हसू फुटले. "काय गं, 'आमेन'पर्यंत तरी थांबायचं त्याने!"

व्हर्नेलही हसली, डोळे पुसत.

वेळ संपत आली तेव्हा आणखी एक लागला. लहानसा, ओंजळीत मावेल एवढा. या वेळी होरेसचा हात सरळ फोनकडे गेला. तिथेच थांबला. मग त्याने फोन सोडला, टोपी काढली आणि काही न गाळता आभार मानले. पिल्लू आपले फळीवर पडून राहिले, कल्ले हलवत.

बेरीज झाली. बोटभर कमी पडले. वल्हे व्हर्नेलला मिळाले.

ती ते घेऊन त्याच्याकडे आली. "ब्रदर, ठेवा तुमच्याकडे. मला नको असं."

होरेसने ते दोन्ही हातांत घेतले. क्लीवनच्या मुठीने दांडा एका जागी गुळगुळीत झाला होता. तिथे त्याने अंगठा फिरवला. "तू जिंकलीस, तुझ्याच घरी जाणार," तो म्हणाला. "फक्त गाडीपर्यंत मला नेऊ दे."

त्याने ते तिच्या ट्रकमध्ये घोंगडी अंथरून ठेवले.

घरात तळणीचा वास होता. अर्नेटाने दुकानातून मासे आणले होते. त्याचे रिकामे हात तिने पाहिले, पण या वेळी कढईवरून काही बोलली नाही.

"मोठा होता?" तिने विचारले.

"मोठा होता."

"बस. गरम आहे तोवर."

होरेसने ओली टोपी काढली, जरा इकडेतिकडे पाहिले आणि खिडकीशेजारच्या खिळ्याला अडकवली. मग टेबलाशी येऊन बायकोचा हात हातात घेतला आणि मान खाली घातली. वाफाळते ताट समोर तसेच राहिले. आज त्याची प्रार्थना जरा लांबली, पण अर्नेटाने हात सोडवला नाही.