दुसरी बाटली

तपासनीस बाईंनी गुडघे टेकले, लंगोट बदलायच्या टेबलाखाली मान घातली आणि बोटाला गुंडाळलेला पांढरा रुमाल टेबलाच्या खालच्या कडेवरून ओढला. वरचा भाग सगळेच पुसतात, खालची कड कोणी पुसत नाही. तिथे पावडर, मलम आणि नको त्या सगळ्याचे थर बसलेले असतात, हा त्यांचा नोकरीभरचा अनुभव. रुमाल बाहेर आला तो जसाच्या तसा पांढरा.

त्यांनी तो उजेडात धरला, उलटा करून पाहिला, आणि कपाळाला आठी घातली.

"सगळं घासून काढलंत वाटतं?"

दाराला टेकून उभ्या असलेल्या ताईंनी मान हलवली. पाळणाघर त्यांचं. पोरांच्या आया त्यांना ताई म्हणत, आयांचं ऐकून पोरंही ताईच म्हणत. अंगाने भरलेल्या, एरवी हसऱ्या असाव्यात अशा. पण आज चेहऱ्यावरचं रक्त कोणी पुसून घेतल्यासारखं दिसत होतं.

"दवाखान्यातून फोन आला, तो गेला म्हणून. मग बसवेना. मी आणि मावशी, दोघी भिंतींपासून घासत सुटलो. काही सुचत नव्हतं, तर निदान हात चालू राहावेत म्हणून."

"तुम्ही पुरावा धुऊन टाकलात. कळतंय का तुम्हाला?"

ताईंच्या मागे उभी असलेली मावशी, हाताखालची बाई, पदराने तोंड दाबून आत निघून गेली.

जो गेला तो आठ महिन्यांचा होता. घरचं नाव काहीतरी भारदस्त होतं. पण गालांकडे बघून मावशीने पहिल्याच दिवशी त्याला गब्बू म्हटलं आणि तेच चिकटलं. त्या सकाळी आईने आणून दिलं तेव्हा तो जरा मलूल होता. दात येत असतील, असं ताई आणि मावशी दोघींनाही वाटलं. दुपारपर्यंत उलट्या सुरू झाल्या. आईला फोन गेला, ती कारखान्यातून धावत आली, रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. तिथून तो परत आला नाही. त्याच्या पाठोपाठ आणखी दोघांना जुलाब लागले. ती दोघं वाचली. गब्बूच्या बापाने लेखी तक्रार केली, आणि तपासनीस बाई पेटी घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

पाळणाघरांच्या वर्तुळात त्यांना रुमालबाई म्हणत. रुमालबाई आल्या की पाळण्यातली पोरंसुद्धा ताठ बसतात, अशी थट्टा चाले. ती त्यांच्या कानावर होती आणि त्यांना ती मनातून आवडायचीही. त्यांनी खूप पाहिलं होतं. पाळण्याखाली मेलेला उंदीर, एकाच फडक्याने पुसलेली जमीन आणि तोंडं, खेळण्यांच्या टोपलीच्या तळाशी बुरशी आलेला पाव. आठ महिन्यांचं मूल जातं तेव्हा कुठेतरी कोणाचा तरी हात नीट धुतलेला नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना फक्त तो हात शोधायचा होता. आणि खरं सांगायचं तर, जिना चढतानाच त्यांनी तो अर्धाअधिक शोधून ठेवला होता.

पण सापडेना. नळाचं पाणी स्वच्छ. टाकीचं झाकण घट्ट. गाद्यांची रेक्झिनची खोळ शिवणीतसुद्धा कोरडी. फरशीचं फडकं वेगळं, टेबलाचं वेगळं, आणि दोन्ही वेगवेगळ्या खुंट्यांवर. त्यांनी संडासाच्या कडीपासून खुळखुळ्यांच्या भेगांपर्यंत कापसाच्या काड्या फिरवल्या, नळ्यांत घालून बुचं लावली. सगळीकडे फिनेलचा वास असा कोंदला होता की डोळे चुरचुरत होते.

शेवटी त्यांनी फ्रिज उघडला. वरच्या कप्प्यात, अगदी मागे, एक बाटली होती. दुधाने भरलेली, टोपण लावलेली.

"ही कोणाची?"

"त्याचीच," ताई म्हणाल्या. "घरून दोन भरून यायच्या. एक प्यायला, ही दुसरी राहिली."

"सगळं धुतलंत आणि हीच कशी ठेवलीत?"

"ओतून द्यायला हात धजला नाही."

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. हे उत्तर त्यांच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हतं.

"रिकाम्या बाटल्या इथे धुता?"

"नुसत्या विसळतो. आमच्याकडे उकळायची सोय नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. उकळायच्या त्या घरी."

बाईंनी बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली. ती उचलताना, का कोण जाणे, त्यांनी ती आडवी होऊ दिली नाही.

निकाल कळला तो फोनवर. प्रयोगशाळेतला माणूस नेहमीच्या कोरड्या आवाजात बोलत होता. पाणी चांगलं. बाकीच्या काड्यांवर काही नाही, पण घासूनपुसून झाल्यावर घेतल्या असतील तर त्याला फारसा अर्थही नाही.

"पण बाटली खराब आहे, बाई. फारच. बुचाच्या आट्यांमध्ये जुनं दूध साकळलेलं होतं. एक-दोन दिवसांचं नाही. मुलाच्या पोटात जे सापडलं, तेच यात आहे. बाकीच्या दोघांना त्याच्याचकडून लागलं असणार."

"बाटली पाळणाघरात उघडली असेल तर?"

"तरी आट्यांत थर एका दिवसात बसत नाही. ती धुतली जायची तिथेच बघा."

बाईंनी फोन ठेवला आणि टेबलावरचा थंड झालेला चहा तसाच पिऊन टाकला. हात सापडला होता. तो त्यांनी ठरवला होता त्या जागी नव्हता.

त्या दुपारी त्या पुन्हा पाळणाघराचा जिना चढल्या. हे काम फोनवर उरकलं असतं, पण त्यांना ते बरं वाटलं नाही. दाराची काच फुटली होती. आतून पुठ्ठा चिकटवला होता. जिन्यात भेटलेल्या शेजारणीने विचारलं, "बंद करताय ना एकदाचं?" बाई न थांबता आत गेल्या.

आत पोरं जेमतेम चार. ज्यांना दुसरा काही इलाजच नव्हता अशा आयांची. सगळी झोपली होती. मावशी पंख्याखाली भिंतीला पाठ लावून बसली होती. बाईंना पाहताच उठली आणि ताईंना बोलावून आणलं.

बाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. ताई पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या. मावशीने मोठा श्वास सोडला आणि तिला रडूच कोसळलं.

"देवा रे! सुटलो आपण, ताई! म्हणजे आपला हात नव्हता. अहो, या बाई सांगतायत!"

"हळू बोल. पोरं उठतील," ताई म्हणाल्या. मग बाईंकडे वळून विचारलं, "गब्बूच्या आईला सांगितलंत?"

"अजून नाही. तक्रार त्यांची आहे, कळवावं तर लागेलच."

"ती आत्ता येतेय. त्याची पिशवी न्यायला. झबली, टोपी, सगळं राहिलंय इथे. मघाशीच फोन येऊन गेला." ताईंनी हात एकमेकांत गुंतवले, सोडवले. "आज नका सांगू."

"आणि तुमचं काय? तुमच्या दाराची काच फोडलीय लोकांनी."

"काच बसवता येते."

बाईंना यावर बोलायचं होतं. नियम होते, आणि ते त्यांना तोंडपाठ होते. पण जिन्यावर पावलं वाजली.

गब्बूची आई पंचविशीचीही नसेल. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. दिवसभर टोपी, मास्क आणि हातमोजे घालून गोळ्यांची पाकिटं भरायची. आजही अंगावर कारखान्याचाच झगा होता, जणू दुसरे कपडे काढायचं तिला सुचलंच नव्हतं. तिने चपला उंबऱ्याबाहेर काढल्या. आत आली आणि तिथेच थांबली. कोपऱ्यातल्या रिकाम्या पाळण्याकडे तिने पाहिलं नाही. पण तिकडे न पाहण्यासाठी तिला किती जोर लावावा लागत होता, ते तिच्या मानेवरून दिसत होतं.

मावशीने पिशवी आणून दिली. आईने ती छातीशी धरली. मग तिचं लक्ष तपासनीस बाईंच्या पेटीकडे गेलं.

"तुम्ही तपासणीवाल्या मॅडम ना? आमच्या यांनी तक्रार दिली होती."

"हो."

"सापडलं काही?"

बाईंनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत हजार वेळा बोललेली वाक्यं होती ती, कोणाकडे न बघता म्हणून टाकायची. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पेटीच्या कुलपाशी उगाच चाळा केला. तेवढ्यात ताई खुर्चीवरून उठल्या.

"आमच्याकडूनच झालं ग," ताई म्हणाल्या. आवाज जराही हलला नाही. "त्या दिवशी बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायला उशीर झाला. बाहेरच राहिल्या. आमचीच चूक."

मावशीचं तोंड उघडं पडलं. "ताई, काय बोलताय..." ती पुटपुटली. ताईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हे चूक आहे, हे तपासनीस बाईंना कळत होतं. एका वाक्यात ते मोडून काढणं त्यांच्या हातात होतं. ते वाक्य त्यांनी जिभेवर धरून ठेवलं.

आईने मान वर करून ताईंकडे पाहिलं. आता ही ओरडेल, अंगावर धावून जाईल, असं बाईंना वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, असं नंतर पुष्कळदा त्यांच्या मनात आलं.

"खोटं नका बोलू, ताई," आई म्हणाली.

तिने पिशवी छातीशी आणखी घट्ट धरली.

"त्या आठवड्यात डबल पाळी होती माझी. घरी यायचे तेव्हा डोळे उघडे राहायचे नाहीत. हे गावाला. बाटल्या उकळायला म्हणून गॅसवर पातेलं ठेवलं आणि भिंतीला टेकून बसले, ती झोपच लागली. जागी झाले ती धुराने. पाणी आटून पातेलं कोळसा झालेलं, आतल्या बाटल्या वितळून गेलेल्या. मग माळ्यावरच्या जुन्या दोन काढल्या. नणंदेच्या मुलाच्या होत्या त्या. नुसत्या नळाखाली धरल्या. रोज म्हणायचे, उद्या उकळू." तिने अंगठा बोटांवरून फिरवला. "बूच फिरवताना कचकच लागायचं हाताला. मला लागायचं ते."

ताई पुढे झाल्या. आईने पिशवी दोघींच्या मध्ये धरली. ताई थांबल्या.

"यांना माहीत नाही," आई म्हणाली. "हे सारखं म्हणतात, पाळणाघरवालीला सोडणार नाही. काच यांनीच फोडली, ताई. मी घरात बसून होते. मी थांबवलं नाही."

मग ती तपासनीस बाईंकडे वळली. "तुम्ही लिहा काय असेल ते. खरं तेच लिहा. घरी मी सांगेन." ते ती कशी सांगणार होती, आणि सांगितल्यावर त्या घरात काय होणार होतं, हे विचारायची हिंमत बाईंना झाली नाही. त्यांनी नुसती मान हलवली. नोकरीत त्यांनी पुष्कळ दारांना कुलपं लावली होती. आज त्यांना स्वतःच्या पायांखालची फरशीसुद्धा परकी वाटत होती.

आतल्या गादीवर एक मुलगी जागी झाली. सहा-सात महिन्यांची असेल. आधी कुरकुरली, मग तिने टाहो फोडला. मावशी सवयीने निघाली, आणि तिच्याही आधी गब्बूची आई निघाली. पिशवी कुठे ठेवली तेही तिला कळलं नाही. ती गादीपाशी पोचली, वाकली, दोन्ही हात पुढे केले, आणि तशीच थांबली. मुलगी तिच्याकडे बघून आणखी जोरात रडायला लागली.

आईने हात मागे घेतले. तळवे उलटसुलट करून पाहिले, झग्याला पुसले, पुन्हा पाहिले.

"मी हात धुऊन येते," ती म्हणाली.

मोरीतला नळ सुरू झाला. इकडे मुलगी रडून लालबुंद झाली होती, पाय झाडत होती. मावशी उचलायला वाकली, तर ताईंनी तिचं मनगट धरलं. तपासनीस बाईही नकळत पुढे झाल्या होत्या. ताईंनी त्यांच्याकडेही मान हलवली, नको म्हणून.

"रडू दे थोडं," त्या हळूच म्हणाल्या. "ती येतेय."

तिघी उभ्या राहिल्या. नळ वाहत होता. बंद होत नव्हता.