दामू तांडेलाचा हात

विमान उतरायला लागलं तेव्हा कुठे दामू तांडेलाच्या जिवात जीव आला. चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, म्हणून सातपाटीहून बोट दर्यात नेलेला माणूस, पण वर गेल्यापासून त्याने सीटची कड सोडली नव्हती. विमान एका शेठचं, चालवणारा दामूचा धाकटा, धर्मेश. शेठने परवानगी दिली म्हणून पोराने बापाला अर्ध्या तासाची फेरी घडवली होती. ‘नाय यायचं मला’ म्हणत म्हणत म्हातारा नवा शर्ट घालून तासभर आधीच हजर झाला होता.

समोर माकुणसार गावाच्या मागे, खाजणाच्या खाऱ्या दलदलीत, शेठची धावपट्टी दिसत होती. तिच्या अलीकडे खाडी, खाडीच्या कडेला तिवरांची झाडी, मग दगडी बांध आणि बांधाला लागूनच पट्टी.

खाडीवर येईस्तोवर विमान जरा जास्तच खाली गेलं, म्हणून धर्मेश इंजिनाचा जोर वाढवायला गेला. जोर काही वाढला नाही. इंजिन खोकलं, थोडं थांबून पुन्हा खोकलं.

धर्मेशने घाईने एक दांडी बाहेर ओढली. तसं सगळं विमान थरथरायला लागलं आणि इंजिन आचके द्यायला लागलं.

दामूच्या बोटीवर इंजिन बंद करायचं तर अशीच दांडी बाहेर ओढतात. पोर घाबरलं आणि भलतीच दांडी ओढून बसलं, याबद्दल त्याला शंकाच उरली नाही. विचारत कोण बसतो? त्याने हात लांब करून दांडी आत ढकलली आणि तळव्याने दाबून धरली.

आचके थांबले. ‘बघ’ म्हणायला त्याने तोंड उघडलं, तर इंजिनाचा आवाजच बसत चालला होता. खालची तिवरं वर येत होती, फांद्यांवरचे बगळे उडताना दिसत होते. धर्मेश बापाच्या हाताकडे नुसता बघत राहिला.

“बाबा,” शेवटी तो म्हणाला. “हात काडा.”

“अरे, बंद पडंल ते.”

“हात काडा. हितं तांडेल मी हाय.”

दामूने हात ओढून घेतला आणि मांड्यांमध्ये दाबून ठेवला. दांडी पुन्हा बाहेर आली, आचके पुन्हा सुरू झाले. वादळं त्याने कमी पाहिली नव्हती, पण तिथे हातात सुकाणू असायचं. इथे नुसतं बसून राहायचं होतं. एवढं भय त्याला जन्मात वाटलं नव्हतं. देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना. बांधाचे दगड सरळ तोंडावर येत होते.

आणि इंजिन मोकळं होऊन गरजलं. नाक वर झालं, चाक बांधाला घासून गेलं, विमान पट्टीवर आदळलं आणि तिरकं धावत जाऊन गवतात थांबलं.

दोघेही धडधाकट होते.

“हवा आत जाते तिथं दमट हवेचं बर्फ धरलं होतं,” धर्मेश म्हणाला. “दांडी ओढली का गरम हवा जाते. बर्फाचं पानी होऊन जाईस्तोवर इंजिन जास्तच खोकतं, मंग मोकळं होतं.”

“मंजे मीच मारत होतो दोघांना.”

“तुमाला कसं म्हाईत असनार?”

“तुला म्हाईत होतं ना? मंग माझा हात लगीच का नाय झटकलास?”

धर्मेशने पट्टा सोडला.

“माझा हातच उचलत नव्हता, बाबा. समोर मरन दिसत होतं, पन तुमचा हात झटकायचा धीर होईना.”

माझी पोरं माझ्यापुढे ब्र काढत नाहीत, हे दामू गावभर मोठ्या अभिमानाने सांगत आला होता. आता जमिनीवर, सुखरूप बसलेला असताना, त्याला त्याच अभिमानाचं भय वाटलं. धर्मेशने उतरून त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि आधाराला हात पुढे केला. तो हात धरायला दामू धजेना.