धुक्यातल्या तीन शिट्ट्या

मी शिट्टी बोलतेय. पितळेची, अंगठ्याएवढी, पोटात बुचाचा एक गोळा. मला डोळे नाहीत, त्यामुळे कोण कसं दिसतं ते मला विचारू नका. मी माणसं ओळखते ती श्वासावरून. कुणाच्या श्वासाला चहाचा वास असतो, कुणाच्या श्वासाला औषधाचा. घाबरलेल्याचा श्वास तुटक येतो, रागावलेल्याचा एकदम अंगावर येतो. पण एक गोष्ट सगळ्यांच्या श्वासात सारखी असते. ओल. जिवंत माणसानं मला वाजवलं की माझं पोट ओलसर होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढं जे सांगणार आहे ते त्यावरच आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. पितळेचा पत्रा कापला, साच्यात दाबला, डाग देऊन जोडला. शेवटी एका टेबलाशी बसलेली बाई प्रत्येक शिट्टी एकदा वाजवून बघायची. दिवसाला चारशे. तिला खोकला होता. तिनं मला फुंकलं, कान टवकारला आणि म्हणाली, "ही जरा जास्तच बोलकी आहे." मला तिनं चांगल्यांच्या खोक्यात टाकलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते.

तिथून मी सरांकडे आले. सर शाळेत सुतारकाम शिकवायचे आणि रविवारी स्काउटचं पथक चालवायचे. मुलगे-मुली मिळून वीसेक जण. अकरा वर्षं मी सरांच्या गळ्यात होते. त्यांच्या श्वासाला लाकडाच्या भुशाचा वास यायचा. एकदा वाकून पाचर ठोकताना त्यांचा हातोडा निसटला आणि माझ्यावर बसला. मला पोचा आला. तेव्हापासून माझा आवाज थोडा घोगरा झाला. सर म्हणाले, "बरं झालं. आता शंभर शिट्ट्यांतून हिला ओळखता येईल."

सरांचे नियम फार नव्हते, पण जे होते ते पक्के होते. निघण्याआधी सगळ्यांनी गोल करायचा, टोप्या काढायच्या आणि एक मिनिट गप्प उभं राहायचं. पथकात वेगवेगळ्या धर्मांची मुलं होती. सर म्हणायचे, "ज्याचा जो देव असेल त्याला मनातल्या मनात हाक मारा. ज्याला देव नाही त्यानं निदान गप्प राहावं. दुसऱ्याची लाइन बिझी करू नये." मुलं हसायची आणि मग खरंच गप्प व्हायची.

त्यानंतर दोर तपासायचे, गाठी तपासायच्या, पाण्याच्या बाटल्या मोजायच्या. एकदा एका मुलानं विचारलं, "सर, प्रार्थना केली ना, मग दोर कशाला?" सर म्हणाले, "प्रार्थनेला हात नसतात बाळा. ते तुला दिलेत."

शिट्टीचाही नियम होता. जो अडचणीत आहे त्यानं तीनदा वाजवायची. जो मदतीला येतोय त्यानं दोनदा वाजवून उत्तर द्यायचं. आणि धुकं उतरलं तर जागचं हलायचं नाही.

पुढं सरांनी स्वतःसाठी नवी शिट्टी घेतली आणि मला खारीच्या गळ्यात घातलं. खार म्हणजे चौदा वर्षांची मुलगी. झाडावर सरसर चढायची म्हणून हे नाव. ती तेव्हा नुकतीच तुकडीनायक झाली होती. तिच्या तुकडीत सहा जण. त्यातल्या दोघांबद्दल तुम्हाला सांगायला हवं. एक होता महाराज. जेवणाआधी, झोपण्याआधी, इतकंच काय पेपर लिहिण्याआधी डोळे मिटायचा, म्हणून महाराज. दुसरा सगळ्यात लहान, त्याला सगळे बटण म्हणायचे.

त्या दिवशी डोंगरावर चढायचं होतं. सर लहान मुलांची तुकडी घेऊन पुढं गेले. खारीची तुकडी मागून येणार होती. वाटेत एक झरा लागतो. तिथं वाकून पाणी भरताना माझी दोरी झुडपात अडकली, तुटली आणि मी गवतात पडले. कुणाला कळलं नाही. मुलांचे बूट माझ्या बाजूनं गेले. आवाज लांब लांब होत गेले.

मग धुकं आलं. धुकं मला कळतं, कारण ते माझ्या तोंडातून आत शिरतं. पाखरं गप्प झाली. झऱ्याचा आवाजही कुणी उशी दाबल्यासारखा बसला.

आणि मला कुणीतरी उचललं.

उचललं म्हणतेय खरी, पण बोटं नव्हती. बोटांना ऊब असते, घाम असतो, नखं असतात. यातलं काहीच नव्हतं. मी गवतात होते आणि मग गवतात नव्हते, एवढंच. कितीतरी वेळ मी हलत होते, पण पावलांचा आवाज नव्हता. मग मला एका दगडावर ठेवलं. दगडाच्या पलीकडून वारा खालून वर येत होता. तो वारा मी ओळखते. जिथं जमीन संपते तिथं तसा वारा असतो.

मग माझ्यात श्वास आला.

थंड. आणि कोरडा. एवढ्या धुक्यात, जिथं दगडालासुद्धा पाझर फुटला होता, तिथं तो श्वास राखेसारखा कोरडा होता. बुचाचा गोळा फिरला. मी वाजले. एक. दोन. तीन. मी वाजायचं नाही म्हटलं तरी मला थोडंच जमणार होतं! शिट्टीला नाही म्हणता येत नाही.

माझ्यापासून फार तर तीस हातांवर मुलं बसली होती. धुकं उतरताच खारीनं त्यांना एका झाडाखाली बसवून मोजलं होतं. सर ठरल्या जागी वाट बघत असणार, हे तिला माहीत होतं. तिनं गळ्याशी हात नेला आणि नुसती तुटकी दोरी हातात आली, तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. धुक्यात आवाज चिकटून राहतो, म्हणून मला त्यांचं सगळं ऐकू येत होतं.

"सर!" बटण ओरडला. "सर आले!"

"सर नाहीत," खार म्हणाली. "सर दोनदा वाजवतात."

"मग कुणीतरी अडकलंय," महाराज म्हणाला. तो उठून उभा राहिला असावा. "चल ना. आपण वचन दिलंय, कुणी हाक मारली तर जायचं."

"धुक्यात हलायचं नाही."

"आणि तिकडं कुणी मेलं तर? देवाला काय सांगणार, धुकं होतं म्हणून?"

मी पुन्हा तीनदा वाजले.

 खार इतक्या हळू बोलली की मला जेमतेम ऐकू आलं. "ती माझी शिट्टी आहे."

"कशावरून?" महाराज म्हणाला.

"आवाज ऐका ना. घोगरा. ती माझीच आहे. मग ती वाजवतंय कोण?"

बटण रडायला लागला. महाराज परत खाली बसला. मला ओरडून सांगायचं होतं, येऊ नका रे, इकडं कडा आहे. पण माझ्याकडं एकच आवाज, आणि तो तेव्हा माझा नव्हता. तिसऱ्यांदा तो श्वास आला. या वेळी जास्त जोरात. घाईत असल्यासारखा.

"टोप्या काढा," खार म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ताच. एक मिनिट."

त्या मिनिटात मी वाजले नाही. का ते मला ठाऊक नाही. जे कुणी मला धरून होतं तेही थांबलं होतं. जणू तेही गोलात उभं होतं.

मिनिट संपलं तेव्हा खारीचा आवाज बदललेला होता. "दोर काढा. जायचं, पण मी एकटी जाईन. झाडाला दोन वेढे द्या, तिघांनी धरा. महाराज, पहिला तू. एकदा ओढलं तर थांबायचं, दोनदा ओढलं तर मला मागं खेचायचं. काही झालं तरी सोडायचं नाही."

"सोडणार नाही," महाराज म्हणाला. "शप्पथ."

ओढ बसली तरी आवळत नाही अशी गाठ तिनं कमरेला बांधली. सरांनी ती गाठ डोळे बांधून शंभरदा करून घेतली होती. मग ती रांगत निघाली. हातातली काठी पुढं आपटत होती. टक. टक. टक. मी ते टकटक मोजत होते. काठी माझ्या दगडाजवळ आली, दगडाला लागली, बाजूनं पुढं गेली. आणि पुढचा टक आलाच नाही. काठी हवेत गेली होती.

तिनं दोर एकदा ओढला. तिचा श्वास मला ऐकू येत होता. तिनं दगड चाचपला आणि मी तिच्या हातात आले.

तिनं मला घट्ट धरलं आणि लगेच दचकून मूठ उघडली. तिचे केस, कपडे, काठी, सगळं धुक्यानं निथळत होतं. मी मात्र कोरडी ठणठणीत होते, आणि बर्फासारखी गार.

"कोण आहे?" तिनं विचारलं. अगदी हळू, अंधाऱ्या खोलीत विचारतात तसं.

उत्तर खालून आलं. कण्हल्यासारखं. "बाई गं..."

कड्याच्या खाली, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या खोल, कड्यातून पुढं आलेला एक अरुंद कंगोरा होता. तिथं एक माणूस पडला होता. डोंगरावरून जाणाऱ्या विजेच्या तारा बघणारा वायरमन. आदल्या दुपारी पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. जवळ पाणी नाही, आणि हाक मारून मारून घसा बसलेला.

खारीनं मला तोंडात धरलं आणि तीनदा फुंकलं. तिचा श्वास गरम होता, तुटक होता, आणि ओला होता. मी पितळेची आहे, मला रडता येत नाही. आलं असतं तर त्या क्षणी रडले असते.

डोंगराच्या दुसऱ्या अंगानं उत्तर आलं. दोन शिट्ट्या. सर!

मी वाजत राहिले आणि सर काठी आपटत त्या आवाजामागं आले. दोर झाडाला बांधून ते स्वतः कंगोऱ्यावर उतरले. त्याला पाणी दिलं, पांघरूण घातलं, मोडलेल्या पायाला दोन काठ्या बांधल्या. दुपारी धुकं उठलं तेव्हा पायथ्याहून माणसं आली, स्ट्रेचर आलं. धुकं उठल्यावर मुलांनी पहिल्यांदा तो कडा पाहिला. मुलं हरखतील असं तुम्हाला वाटेल. एकेक जण मागं सरकला. महाराजाच्या तळहातांची सालं निघाली होती आणि दोर अजून त्याच्या मुठीत होता.

वायरमन वाचला. तीन महिन्यांनी कुबड्या घेऊन तो सरांच्या सुतारशाळेत आला. खार आणि महाराज तिथं स्टूल घासत होते, मी शेजारच्या बाकावर पडले होते. त्यानं सगळ्यांचे आभार मानले, मग विचारलं,

"आणि ते कुठं आहेत?"

"कोण ते?" सर म्हणाले.

"कड्यावर बसलेलं माणूस. बाई की बुवा, सांगता यायचं नाही. पाठमोरं होतं. कड्यावर पाय सोडून बसतात ना, तसं. पण तोंड डोंगराकडं आणि पाठ माझ्याकडं. कसं बसलं होतं देव जाणे. सकाळपासून होतं. मी किती हाका मारल्या, वळून बघितलं नाही. मग शिट्टी वाजायला लागली. मी म्हटलं, मुकं असेल बिचारं."

सरांच्या हातातला रंधा थांबला.

वायरमन गेल्यावर महाराज म्हणाला, "देवानंच पाठवलं होतं कुणाला तरी."

"असेल," सर म्हणाले. "दोर मात्र तुम्ही धरलात."

खार स्टूल घासत होती. घासता घासता म्हणाली, "सर, देवानं पाठवलेला असता तर दोनदा वाजवली असती. मदतीला येणारा दोनदा वाजवतो. ही तीनदा वाजत होती." तिनं पॉलिशपेपर खाली ठेवला. "मदत मागत होतं ते कोण, सर? वायरमनला आपण वर काढलं. पण शिट्टी त्यानं वाजवली नव्हती."

 पुढच्या रविवारी गोल झाला, टोप्या निघाल्या, तेव्हा सरांनी एक वाक्य वाढवलं. "आणि जो आपल्याला दिसत नाही, त्याच्यासाठीही थोडा वेळ." ते वाक्य पुढं कायमचं राहिलं.

मला मात्र कुणी गळ्यात घालेना. सरांनी उकळत्या पाण्यात मला धुतलं, नवी दोरी बांधली. तरीही मुलं नको म्हणायची. खारीनं दोनदा प्रयत्न केला. ओठांशी न्यायची आणि न फुंकताच खाली ठेवायची. शेवटी सरांनी मला सुतारशाळेत खिळ्याला टांगलं. सर गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं मला कागदात गुंडाळून खारीकडं पाठवलं.

आता खार चाळिशीची आहे. सरांचं पथक तीच चालवते. मी तिच्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये आहे, सुया, बटणं आणि संपलेल्या पेनांच्या सोबत. तिची मुलगी पुढच्या आठवड्यात पहिल्या शिबिराला निघालीय. तिच्यासाठी प्लास्टिकची नवी शिट्टी आणलीय. काल त्या मुलीनं ड्रॉवर उघडला, मला बाहेर काढलं आणि विचारलं, "आई, ही वाजते का गं?"

"ठेव ती," खार म्हणाली. "ठेव म्हटलं ना."

मुलीनं मला ठेवलं. ड्रॉवर बंद झाला. घरातले सगळे बाहेर गेले, खार एकटी भाजी चिरत राहिली. आणि भर दुपारी, बंद ड्रॉवरमध्ये, माझ्या पोटातला गोळा एकदा हलला. आवाज झाला नाही, पण सुरी थांबली. खार ऐकत उभी राहिली. खूप वेळ.

तो श्वास वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्यानं एका माणसाचा जीव वाचवला. पण तो आणखी काही मागतोय, आणि ते काय हे मला कळत नाही. खारे, तुझ्याजवळ माझं एकच मागणं आहे. मला त्या पोरीच्या गळ्यात घाल, तिला भरभरून श्वास माझ्यात ओतू दे, तिच्या चहाचा, तिच्या हसण्याचा. नाहीतर सरांचाच हातोडा घे आणि मला चपटी करून टाक. मी रागावणार नाही. फक्त अशी रिकामी ठेवू नकोस. रिकाम्या शिट्टीत कुणीही येऊन राहतं गं.