अकरा वाजताची सही

३१ मार्च १९८२, सकाळी अकरा. गोमाजींनी धान गिरणीच्या गोदामाच्या किल्ल्या आपल्या जागी येणाऱ्या तेजरामच्या हातावर ठेवल्या आणि वहीत वेळ घालून सही केली. निरोप खरे तर संध्याकाळी पाचला द्यायचा. पण पाहुणे म्हणून बोलावलेल्या सरपंचांना सानगडीला लग्न गाठायचे होते. म्हणून शाल, नारळ, भाषण सकाळीच उरकले.

दुपारी चारला गिरणीच्या संचालकांची बैठक झाली. निवृत्तीचे वय अठ्ठावन्नचे साठ झाले. त्या वेळी जो कामावर असेल, त्याला लागू.

"काकाजी, सहा घंटे किल्ल्या कमरेलेच ठेवल्या असत्या तं!" तेजराम ओशाळून म्हणाला. "कायची घाई होती?"

"मले नाही बाप्पा, सरपंचाले होती. तिकडं जेवण निवून राहिलं होतं."

गोमाजी हसले खरे, पण धाकट्या लेकीचे, पुष्पाचे, नर्सिंगचे शेवटचे वर्ष आता कसे निघेल, हा घोर होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज दिला: एकतीस तारखेचा पगार पूर्ण मिळाला, म्हणजे मी संध्याकाळपर्यंत कामावरच होतो. अर्ज लिहून दिला तेजरामनेच, हातच्या किल्ल्या जातील हे ठाऊक असून.

घरी धुरपताबाईंनी शाल पांघरायला घेतली, तर गोमाजींनी घडी मोडू दिली नाही.

"काहून जी?"

"नोकरी वापस भेटली, तं शाल वापस करा लागन."

अर्जाचा निकाल संचालकांच्या पुढच्या बैठकीत लागायचा होता, आणि जूनअखेरपर्यंत ती झाली नव्हती. शाल पेटीत, घडीतच होती.